कर्कपेशी अपॉप्टोसिसने मेली, हे प्रयोगशाळेत कसे सिद्ध करावे

अमुक संयुग कर्कपेशींमध्ये अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा नियोजित मृत्यू, घडवून आणते, असे विधान शोधनिबंधांत वरचेवर आढळते. ते करणे सोपे असले, तरी सिद्ध करणे बरेच अवघड आहे, कारण पेशी मरण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. हा प्रयोग प्रथमच हाती घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने कोणत्या क्रमाने जावे, हे येथे मांडले आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये या मृत्यूचे वर्णन केले, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून. पेशी आक्रसते, केंद्रकातील द्रव्य घट्ट होते, पृष्ठभागावर फुगे येतात आणि शेवटी पटलात बांधलेले तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. यामागे जनुकांची ठरावीक यंत्रणा आहे, हे सी. एलेगन्स या सूत्रकृमीने दाखवले; त्याच्या उभयलिंगी प्राण्यात निर्माण होणाऱ्या १०९० कायिक पेशींपैकी १३१ पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, आणि या कामाला २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाशी थेट धागा जुळला तो १९८८ मध्ये, जेव्हा बीसीएल-२ हे जनुक पेशीविभाजनाला गती देत नाही, तर मृत्यू रोखून धरते, हे स्पष्ट झाले. विभाजन वेगाने झाले म्हणजेच गाठ वाढते असे नाही, पेशी मरायच्या राहिल्या तरीही ती वाढते, हा विचार तेथून रुजला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. औषध हाताळण्याआधी पेशींची ओळख पटवून घ्यावी. सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवला जाणारा पेशींचा वंश, खरोखर तीच आहे ना, हे डीएनए प्रोफाइलिंगने तपासावे आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग नाही याची खात्री करावी. हीला या झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशींनी इतर संवर्धने दूषित केल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. निवडलेल्या पेशींत मृत्यूच्या यंत्रणेचे कोणते भाग शाबूत आहेत, हेही आधीच माहीत असावे. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमसीएफ-७ पेशींमध्ये कार्यक्षम कॅस्पेज-३, म्हणजे अपॉप्टोसिसमध्ये पेशीतील प्रथिने तोडणारा विकर (एन्झाइम), नसतो. त्या पेशींत कॅस्पेज-३ सक्रिय झाल्याचा पुरावा दाखवणारा निबंध हाती आला, तर तो दोनदा वाचावा. पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनाची स्थिती तर नोंदवायलाच हवी, कारण सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले असते.

त्यानंतरचा प्रश्न असा, की पेशी खरोखर मेल्या आहेत का? एमटीटी चाचणी पेशींची चयापचय क्रिया मोजते, मृत्यू नव्हे. तिच्यात रंग फिका आला, तर पेशी मेल्या असतील, विभाजन थांबवून नुसत्या बसल्या असतील किंवा त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचे काम मंदावले असेल. म्हणून जिवंत आणि मृत पेशींची वेगळी मोजणी करावी. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी मरताना सुटतात आणि माध्यमात तरंगतात. ते माध्यम टाकून दिले, तर मेलेल्या पेशीच मोजणीतून निसटतात.

मृत्यूचा प्रकार ओळखण्यासाठी बहुतेक जण चमकणारा रंग जोडलेले ॲनेक्सिन व्ही हे प्रथिन आणि प्रोपिडियम आयोडाइड हा डीएनएला चिकटणारा रंग यांची जोडी वापरतात. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ पटलाच्या आतल्या थरात असतो आणि अपॉप्टोसिसच्या आरंभी तो बाहेरच्या थरावर येतो. ॲनेक्सिन त्यालाच चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड मात्र पटल फाटल्याशिवाय आत जात नाही. केवळ ॲनेक्सिन घेतलेल्या पेशी सुरुवातीच्या टप्प्यातील मानता येतात. दोन्ही रंग घेतलेल्या पेशींबद्दल मात्र काहीच ठाम म्हणता येत नाही, कारण अपॉप्टोसिसच्या अखेरीस पोहोचलेली पेशी आणि सरळ फाटून मेलेली पेशी या चाचणीत सारख्याच दिसतात. यावर उपाय म्हणजे वेळेची मालिका. ४८ तासांनंतरचे एकच मापन घेण्याऐवजी ३, ६, १२ आणि २४ तासांनी नमुने घ्यावेत आणि पेशी आधी केवळ ॲनेक्सिनच्या गटात येऊन मग दुहेरी गटात जातात का, हे पाहावे. ॲनेक्सिनच्या बंधासाठी कॅल्शियम लागते, त्यामुळे पेशी सोडवताना वापरलेले, कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए पूर्ण धुऊन काढावे. पेशी तळापासून सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराची मात्रा जास्त झाली, तर पटल जखमी होऊन खोटे आकडे येतात. एकेकाच रंगाने रंगवलेले नमुने आणि स्टॉरोस्पोरीनसारख्या खात्रीच्या पदार्थाने मारलेल्या पेशी नियंत्रण म्हणून ठेवाव्यात. तपासायचे औषध स्वतःच चमकते का, हेही पाहून घ्यावे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध लाल चमकते आणि प्रोपिडियम आयोडाइडच्या मापनात घुसते.

पुढचा पुरावा कॅस्पेज विकरांचा. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत, कॅस्पेज-३ चा तुटलेला, सक्रिय तुकडा दिसावा आणि त्याने तोडलेले लक्ष्यही दिसावे. पार्प हे ११६ किलोडाल्टनचे प्रथिन तुटून ८९ चा तुकडा मिळणे ही नेहमीची खूण आहे. डीएनएचे सुमारे १८० ते २०० बेस जोड्यांच्या पटीत तुकडे पडून जेलवर शिडी उमटते, ती आली तर उत्तम, पण सर्वच पेशींत ती येत नाही. टनेल चाचणी डीएनएची तुटलेली टोके रंगवते, आणि टोके इतर कारणांनीही तुटतात. एकट्या टनेलवर विसंबू नये.

इथपर्यंतचे सारे पुरावे सहसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव नाही. माझ्या मते खरा निकाल अडवणुकीच्या प्रयोगातच लागतो, आणि नेमका तोच वगळला जातो. झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेजरोधक औषधाच्या आधी द्यावा आणि मृत्यू कमी होतो का, ते पाहावे. कमी झाला, तर कॅस्पेजवर अवलंबून असलेला मृत्यू म्हणता येईल. झाला नाही, तर मात्र घाईने अपॉप्टोसिस नाकारू नये: मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलाला एकदा छिद्रे पडली, की कॅस्पेज अडवले तरी पेशी बहुधा मरते, फक्त सावकाश आणि वेगळ्या रूपाने. म्हणून ती छिद्रे पाडणारी बॅक्स आणि बॅक ही दोन्ही प्रथिने काढून टाकलेल्या पेशींत तोच प्रयोग करावा. त्याचबरोबर नेक्रॉप्टोसिस (पटल फाटून होणारा नियोजित मृत्यू) यासाठी नेक्रोस्टॅटिन-१ आणि फेरॉप्टोसिस (लोहामुळे पटलातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होऊन होणारा मृत्यू) यासाठी फेरोस्टॅटिन-१ हे रोधकही वापरून पाहावेत. कॅस्पेज-८ दबला, तर काही पेशी नेक्रॉप्टोसिसकडेच वळतात.

कर्करोगाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे वाचलेल्या पेशींची वाढ. औषध धुऊन टाकून पेशी विरळ पेराव्यात आणि एक ते तीन आठवड्यांनी किमान ५० पेशींच्या वसाहती मोजाव्यात, कारण कॅस्पेज सक्रिय झालेल्या पेशीही कधी कधी सावरतात. दुसरी म्हणजे निरोगी पेशींवरील परिणाम. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ बरोबर बीसीएल-एक्सएल या प्रथिनालाही रोखते. रक्तातील प्लेटलेट त्याच प्रथिनावर जगत असल्याने त्यांची संख्या घसरते. व्हेनेटोक्लॅक्स हे केवळ बीसीएल-२ ला निवडून रोखेल असे घडवले गेले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी, गुणसूत्र १७ चा पी५३ असलेला भाग गमावलेल्या रुग्णांकरिता, त्याला मान्यता मिळाली.

निष्कर्ष लिहिताना शब्द पुराव्याइतकेच मोठे ठेवावेत. केवळ एमटीटी केली असेल, तर ‘चयापचय क्रिया घटली’ एवढेच लिहावे. ॲनेक्सिन आणि पार्प यांचे पुरावे असतील, तर ‘अपॉप्टोसिसशी सुसंगत मृत्यू’ असे म्हणावे. अडवणुकीचे प्रयोग झाले असतील, तरच ‘अपॉप्टोसिसमुळे’ हा शब्द वापरावा, आणि त्यासोबत सेल लाइन, मात्रा, वेळ आणि रोधकाचे प्रमाण द्यावे.