सेंट्रलाइट दिसलं तरी घाई नको

गोळी झाडल्याच्या खुणा म्हणून संशयिताच्या हातावर शिसं, बेरियम आणि अँटिमनी शोधायचे, ही आमची जुनी वाट. तिन्ही प्रायमरमधून, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणातून, येतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गोल कणात सापडले तर अहवालाला भक्कम आधार मिळतो. पण आता शिसं नसलेले प्रायमरही वापरात आहेत. तिथे मी काडतुसातल्या धूररहित दारूकडे वळते. नायट्रोग्लिसरीन, डायफेनिलअमाइन, एथिल सेंट्रलाइट ही सेंद्रिय संयुगं त्या दारूतली.

सगळ्यात आधी वेळ बघा. यातली काही संयुगं उडून जातात, काही त्वचेच्या तेलात मुरतात. काही तासांतच बरीचशी हातून जातात. म्हणून हात धुण्याआधी, बोटांचे ठसे घेण्याआधी नमुना घ्या. चिकट कार्बनचा स्टब (नमुना उचलायची छोटी चकती) अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यावर, हाताच्या पाठीवर, तळव्यावर दाबत न्या. चिकटपणा संपत आला की थांबा. दोन हातांना दोन वेगळे स्टब, आणि एक न वापरलेला स्टब ब्लँक म्हणून, म्हणजे कोरा, तुलनेसाठी.

पुढे एक पेच येतो. स्टब आधी सूक्ष्मदर्शकात घातला तर निर्वातात उडणारी संयुगं घटतात, आणि आधी द्रावकाने धुतला तर कण जागचे हलतात. मी अर्धा स्टब झाकून दुसऱ्या अर्ध्याचाच अर्क घेते. मिथेनॉल घालण्याआधी ड्यूटेरियमयुक्त डायफेनिलअमाइन ठरावीक मात्रेत टाकायचं, म्हणजे वाटेत किती गमावलं ते कळतं. अर्क नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली आटवा, पण पूर्ण कोरडा करू नका. नायट्रोग्लिसरीन तिथेच हातचं जातं.

अर्कातली संयुगं वाफ करून वेगळी करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी मला इथे आवडत नाही. तापलेल्या इंजेक्टरमध्ये नायट्रोग्लिसरीन मोडतं आणि एन-नायट्रोसोडायफेनिलअमाइनचं डायफेनिलअमाइन होतं, म्हणजे नमुन्यात होतं एक आणि आलेखावर दिसतं दुसरंच. नायट्रोसो रूप तर फार मोलाचं. दारू जुनी होताना सुटणारे नायट्रोजन ऑक्साइड दारू टिकावी म्हणून घातलेलं डायफेनिलअमाइन शोषून घेतं, त्यातून ते तयार होतं. म्हणून मी द्रवातच संयुगं वेगळी करणाऱ्या लिक्विड क्रोमॅटोग्राफीला दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर जोडते; तो आयन आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजतो. सी-१८ कॉलम, पाणी-मिथेनॉल, ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. एथिल सेंट्रलाइटचा २६९ वस्तुमानाचा आयन फुटून १४८ चा तुकडा, डायफेनिलअमाइनचा १७० चा फुटून ९३ चा. प्रत्येक संयुगासाठी दुसरा तुकडाही हवाच, आणि दोन्ही तुकड्यांचं प्रमाण त्याच संयुगाच्या शुद्ध मानक नमुन्याशी जुळायला हवं. नायट्रोग्लिसरीनसाठी ऋण आयन पद्धतीवर जा.

एकदा माझ्या द्रावकाच्या ब्लँकमध्येच डायफेनिलअमाइनचं शिखर आलं. दोन दिवस शोधल्यावर ते ड्रॉपरच्या रबरी फुग्यातून येतंय हे कळलं. त्या फेरीतला एकही निकाल मी पुढे पाठवला नाही. रबरात डायफेनिलअमाइन असतं, हृदयविकाराच्या औषधात नायट्रोग्लिसरीन असतं, आणि दारूतही असणारं, प्लास्टिकमधलं डायब्यूटिल थॅलेट कुठेही सापडतं. एथिल सेंट्रलाइट इतरत्र क्वचितच भेटतं, म्हणून त्याचं वजन जास्त. तरी एकट्या संयुगावर मी मत देत नाही. सेंट्रलाइट, किंवा डायफेनिलअमाइन त्याच्या नायट्रो रूपांसकट, आणि ब्लँक स्वच्छ, असं जुळलं तरच लिहिते: ‘धूररहित दारूच्या अवशेषांशी सुसंगत.’ गोळी त्यानेच झाडली, की तो जवळ उभा होता, की त्याने नंतर शस्त्र हाताळलं, हे या आलेखावरून ठरत नाही. तेही त्याच पानावर लिहिते.