लोगो बनवला, पण क्लायंटला दिलं काय? या चुका टाळा

इंदूरमधल्या नव्या डिझायनर पोरांना काम संपल्यावर क्लायंटच्या हातात काय द्यायचं हे कोणी सांगतच नाही बहुतेक, कारण सतत कोणीतरी दुसऱ्याने दिलेल्या अर्धवट फाइली घेऊन माझ्याकडे येतंच.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एक जेपीजी टाकायची आणि म्हणायचं फायनल. दिवाळीच्या आधी एक नमकीनवाले काका आले, त्यांना २० फुटी बोर्ड लावायचा होता, डिझायनर पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला, फोन उचलेना, आणि काकांकडे होती काय तर १६०० पिक्सेलची जेपीजी. २० फूट म्हणजे २४० इंच, करा भागाकार, इंचाला सातसुद्धा पिक्सेल येत नाहीत. फ्लेक्सवाल्याने झूम करून दाखवलं, "भिया, ये तो धुंधला आएगा." वर लोगोमागे पांढरा चौकोन, कारण जेपीजीत ट्रान्सपरंट बॅकग्राउंड राहतच नाही. शेवटी अख्खा लोगो पेन टूलने परत काढला आणि काकांनी एकाच लोगोचे दोनदा पैसे मोजले. ऑटो ट्रेस मारला असता की, म्हणजे सॉफ्टवेअरलाच जेपीजीवरून रेषा काढायला लावल्या असत्या, असं म्हणणाऱ्यांनी ट्रेस केलेली वेलांटी एकदा झूम करून बघावी, मग बोलू.

मी देतो ते असं: मूळ फाइल, म्हणजे कोरलची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय, व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी धूसर न होणारी) पीडीएफ, तशीच वेबसाइटसाठी एसव्हीजी, ट्रान्सपरंट पीएनजी आणि एकरंगी लोगो, काळा नि पांढरा दोन्ही, शिक्क्याला आणि बिलबुकाला तोच लागतो. सगळं झिप करून ड्राइव्हवर. व्हॉट्सअ‍ॅपच हवं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.

दुसरं दुखणं फॉन्टचं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली लग्नपत्रिका तशीच प्रेसला दिली आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला, की "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसबिंस दिसायला लागतात. अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार करून टाका, मग फॉन्ट लागतच नाही: कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, दोन सेकंदांचं काम आहे रे बाबांनो! फक्त कर्व्हची कॉपी वेगळी सेव्ह करा, नाहीतर मुहूर्ताची वेळ बदलली की बसा ओळ परत टाइप करत.

प्रिंटची फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, आणि कडेने ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा सोडून. प्रेसवाल्याचं कोरल जुनं असेल तर जुन्या व्हर्जनला सेव्ह करा. फायनल-फायनल-२ असली नावं नकोत.

आणि लोगोचे हक्क क्लायंटला देताना लेखी द्या, सही करून. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तोंडी चालत नाही, आणि मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात. ओपन, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल मात्र पूर्ण पेमेंट आल्यावरच, गिऱ्हाईक मामाच्या ओळखीचं असलं तरी.