प्रबंधाचा डेटा जमोवीत टाकताना

एमडीच्या प्रबंधाची मुदत जवळ आली की पुण्यातल्या निवासी डॉक्टरांच्या होस्टेलवर ‘एसपीएसएस कुणाकडे आहे का?’ अशी शोधाशोध सुरू होते. एसपीएसएस हे आकडेवारीचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. त्याच कामाचे जमोवी मात्र फुकट मिळते, ते ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेवर चालते आणि प्रबंधाला लागणाऱ्या बहुतेक संख्याशास्त्रीय चाचण्या त्यात आहेत. अर्थात कुठलेही सॉफ्टवेअर घ्या, निम्मे काम एक्सेलमध्येच होते.

एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एकच गोष्ट. रक्तदाब ‘१३०/८०’ असा लिहू नका, दोन रकाने करा. नाव आणि मोबाइल नंबर नको; कोड द्या, कोडची यादी वेगळी ठेवा. पत्ता हाताने टाइप केलात तर ‘कोथरूड’, ‘कोथरुड’ आणि ‘कोथरूड डेपो’ ही सॉफ्टवेअरच्या लेखी तीन उपनगरे होतात, म्हणून ड्रॉपडाउन लावा. तपासणी झालीच नसेल तर चौकट रिकामी सोडा. शून्य टाकलेत तर तेही सरासरीत धरले जाते. पिवळ्या रंगाने खुणा करून ठेवायची सवय अनेकांना असते. सॉफ्टवेअरला रंग कळत नाही.

फाइल जमोवीत उघडली की ‘सेटअप’मध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार तपासा. लिंगासाठी १ आणि २ लिहिले असतील तर ‘नॉमिनल’ (म्हणजे आकडे नुसती नावे आहेत) निवडा, नाहीतर सॉफ्टवेअर लिंगालाही मोजमाप समजते!

मग ‘डिस्क्रिप्टिव्ह्ज’मध्ये प्रत्येक रकान्याची किमान, कमाल किंमत आणि हिस्टोग्राम (आकडे कसे पसरलेत ते दाखवणारा स्तंभालेख) पाहा. वय २१०, किंवा दशांशचिन्ह निसटल्याने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७२ टक्के, हे इथेच पकडले जाते. दुरुस्ती केसपेपर काढूनच करा, अंदाजाने नाही.

कुठली संख्याशास्त्रीय चाचणी लावायची ते प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, आधीच ठरलेले असावे. दोन वेगळे गट असतील तर इंडिपेंडंट टी-टेस्ट; त्याच रुग्णांची औषधाआधीची आणि नंतरची साखर असेल तर पेअर्ड टी-टेस्ट. रुग्ण थोडे आणि आकडे फारच एका बाजूला झुकलेले असतील तर दोन वेगळ्या गटांसाठी मॅन-व्हिटनी चाचणी. हो-नाही उत्तरांना काय-स्क्वेअर, पण तक्त्याच्या एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर आली असती ती) ५ पेक्षा कमी असेल तर फिशरची चाचणी.

पी-व्हॅल्यूबरोबर (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) सरासरीतला फरक आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) यांवरही टिक करा. एचबीए१सी ०.१ टक्क्याने उतरले आणि पी ०.०१ आला, तर परीक्षक ‘मग रुग्णाला काय फायदा?’ असे विचारणारच.

शेवटी सेव्ह करा. जमोवीच्या फाइलमध्ये डेटा आणि निकाल एकत्र राहतात, त्यामुळे गाइडनी नवा ग्राफ मागितला तर तिथूनच पुढे जाता येते. मात्र ती फाइल युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, रुग्णांचा सगळा डेटा त्यातच असतो.