आयरिश-केल्टिक चिन्हं: टॅटू काढण्याआधी, अंगठी घेण्याआधी या चुका टाळा

डब्लिन, कॉर्क, गॉलवेला शिकायला नाहीतर नोकरीला गेलेली आपली बरीच मुलंमुली आहेत आता, सुट्टीत घरी येताना कोणी दोन हात, हृदय आणि मुकुट असलेली क्लॅडा अंगठी आणतं, कोणी तीन वेटोळ्यांचं पेंडंट, आणि इकडे टॅटू काढायला गेलं की डिझाइनच्या अल्बममध्ये केल्टिक नॉटची, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सच्या जुन्या केल्टिक परंपरेतल्या गुंफलेल्या गाठींची, दोन-चार पानं असतातच. चिन्हं सुंदर आहेत, मला मनापासून आवडतात, म्हणूनच वाईट वाटतं की खाली जो 'अर्थ' छापलेला असतो तो बऱ्याचदा विकणाऱ्याने चिकटवलेला असतो. चिन्ह हजार वर्षांचं आणि अर्थ परवाचा, असं सर्रास चालतं. म्हणून अर्थ वाचण्याआधी एवढं विचारा की हे चिन्ह कुठल्या दगडावर, कुठल्या पोथीत, कुठल्या शतकात दिसतं. याचं उत्तर मिळालं की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

चार पानांचा शॅमरॉक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. 17 मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक डेच्या पोस्टरवर, केकवर, टीशर्टवर चार पानं छापतात. शॅमरॉक म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेली क्लोव्हरची छोटी वनस्पती, तिला तीनच पानं. चार पानांचं क्लोव्हर मिळालं तर नशीब उघडतं, हा वेगळा समज आहे आणि तो फक्त आयर्लंडचा नाही. तीन पानं दाखवून आयर्लंडचा संरक्षक संत सेंट पॅट्रिक याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव कसे ते समजावलं, ही कथा गोड आहे, पण पॅट्रिक 5व्या शतकातला आणि ही कथा लिहिलेली सापडते ती थेट 18व्या शतकात, त्यामुळे कथा म्हणून सांगा, घडलेली गोष्ट म्हणून नको. आणि पॅट्रिक म्हणजे फक्त हिरवा असंही नाही, 1783 मध्ये त्याच्या नावाने जो सन्मान सुरू झाला त्याचा रंग निळा होता, आजही आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर निळ्यावरच सोनेरी हार्प (तारांचं वाद्य) असते.

न्यूग्रेंजची वेटोळी 'केल्टिक' म्हणणं

एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी, ज्याला ट्रिस्केल म्हणतात, ती दिसतात काउंटी मीथमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन दगडी थडग्यात, दारासमोरच्या आडव्या शिळेवर आणि आत गाभाऱ्यातल्या दगडावर. हे बांधकाम साधारण इ.स.पूर्व 3200 चं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीचं, आणि केल्टिक भाषा-संस्कृती आयर्लंडमध्ये पोचली ती त्यानंतर कैक शतकांनी. कोरणारे लोक अश्मयुगातले शेतकरी होते आणि त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. मग 'जन्म-जीवन-मृत्यू', 'भूमी-समुद्र-आकाश' हे कोणी सांगितलं? आजच्या लोकांनी. तुम्हाला तो अर्थ भावला तर घ्या, पण 'प्राचीन केल्टिक लोक असं मानत' हे वाक्य गाळा. उलट खरी गोष्टच जास्त भारी आहे, हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसांत, 21 डिसेंबरच्या आसपास, दारावरच्या एका झरोक्यातून सूर्याची तिरीप लांबलचक बोळातून थेट गाभाऱ्यात जाते आणि सुमारे 17 मिनिटं राहते, 1967 मध्ये उत्खनन करणाऱ्या एम. जे. ओ'केली यांनी आत थांबून ते स्वतः पाहिलं. कोणी विचारलं की हे पेंडंट कसलं, तर हे सांगा ना.

प्रत्येक गाठीला अर्थ असतोच असं धरून चालणं

केल्टिक नॉट म्हणजे सुरुवात-शेवट न दिसणारी गुंफलेली रेघ. ती ठसठशीत दिसते ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत, 7व्या शतकातलं बुक ऑफ डरो, साधारण 800 सालचं बुक ऑफ केल्स, दोन्ही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. ही गुंफण फक्त केल्टिक लोकांची नव्हे, रोमन फरशांवर आणि जर्मेनिक दागिन्यांवरही ती होतीच, आयरिश भिक्खूंनी तिला अशा उंचीला नेलं की बघत राहावं. पण कुठली गाठ म्हणजे काय याची यादी त्यांनी कुठेच दिलेली नाही. त्यामुळे 'दारा नॉट म्हणजे ताकद', 'अमुक नॉट म्हणजे माय-लेकीचं नातं' हे सगळं हल्लीचं नामकरण. तीन टोकांची ट्रिकेट्रा तर स्वीडनच्या रुनिक (जुन्या उत्तर युरोपीय लिपीतल्या) शिळांवरही कोरलेली आहे.

आणखी दोन गोष्टी इथेच उरकतो. जन्मतारखेवरून तुमचं झाड सांगणारी 'केल्टिक राशी' एका इंग्रज कवीच्या 1948 च्या पुस्तकावरून पसरली, ड्रुइड या प्राचीन केल्टिक पुरोहितांशी तिचा काही संबंध नाही. आणि तीन किरणांचं 'आवेन' हे चिन्ह आयरिश नाहीच, ते वेल्सचं, योलो मोर्गानुग या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड विल्यम्सकडून (1747–1826) आलेलं. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स सगळं एकाच टोपलीत टाकू नका, स्कॉटलंडचं काटेरी थिसल आणि आयर्लंडचा शॅमरॉक यांची अदलाबदल केलेली कोणालाच आवडत नाही.

ओघम लिपी: इथे सगळ्यात जास्त टॅटू बिघडतात

हा भाग नीट वाचा, कारण इथली चूक पुसता येत नाही. ओघम ही जुनी आयरिश लिपी, म्हणजे एका उभ्या रेषेवर मारलेल्या आडव्या-तिरक्या रेघा. मूळ लेख दगडाच्या कडेवर कोरलेले, कड हीच रेषा, आणि वाचायचं खालून वर. साधारण 4थ्या ते 7व्या शतकातले सुमारे 400 दगड शिल्लक आहेत, जास्त करून केरी, कॉर्क, वॉटरफर्डकडे, आणि त्यावर तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, बहुतेक 'अमक्याचा मुलगा अमका' एवढंच.

अक्षरं 20, पाच-पाचचे चार गट. पहिल्या गटाच्या रेघा रेषेच्या उजवीकडे (एक रेघ ब, दोन ल, तीन व, चार स, पाच न), दुसऱ्याच्या डावीकडे (ह, द, त, क, क्व), तिसऱ्याच्या तिरक्या आरपार, चौथ्याच्या सरळ आरपार किंवा नुसत्या खाचा, ते स्वर, एक आ, दोन ओ, तीन उ, चार ए, पाच इ.

आता 'नील' लिहू. खालून सुरुवात, उजवीकडे पाच रेघा न, मग पाच आरपार इ, मग उजवीकडे दोन ल. झालं. पण स्टेन्सिल आरशासारखं उलटं बसलं, किंवा फोनने सेल्फी फ्लिप केली आणि आर्टिस्टने तीच कॉपी केली, तर उजवीकडच्या रेघा डावीकडे जातात आणि नीलचा 'क्विद' होतो. नुसतं बघून कळतही नाही, डिझाइन तेवढंच छान दिसतं. दुसरी गडबड म्हणजे फिरवणं. कॉम्प्युटरवर ओघम फॉन्ट आडवा, डावीकडून उजवीकडे टाइप होतो, तो उभा करताना घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनेच फिरवायचा, म्हणजे सुरुवात खाली येते. काट्याच्या दिशेने फिरवलात तर नाव डोक्यावर उभं.

तिसरी अडचण आपल्या नावांची. मूळ 20 अक्षरांत प नाही, य नाही, ज नाही, ठ-भ-छ तर सोडूनच द्या. प्रिया, यश, जयेश यांनी वेबसाइटवरचं कन्व्हर्टर जे देईल ते डोळे मिटून घेऊ नये, ते काहीतरी जुळवून देतं आणि कधीकधी नंतरच्या काळात भर पडलेली चिन्हं घुसवतं. शक्य असेल तर दोन वेगळ्या तक्त्यांवरून एकेक अक्षर हाताने मोजा, मग ज्याला नाव माहीत नाही अशा मित्राला तक्ता देऊन वाचायला सांगा, त्याने बरोबर वाचलं तरच सुईला हात लावू द्या.

हार्प उलटी छापणं

आयर्लंडचं राष्ट्रचिन्ह हार्प आहे, पासपोर्टवर, युरोच्या नाण्यावर तीच. गिनेस या बिअर कंपनीने आपली हार्प 1876 मध्येच ट्रेडमार्क केलेली, म्हणून 1922 नंतर स्वतंत्र आयर्लंडच्या नव्या सरकारने आपली हार्प दुसऱ्या दिशेला तोंड करून घेतली. लक्षात ठेवायला सोपं, सरळ कड डावीकडे असेल तर बिअरची, उजवीकडे असेल तर देशाची. मंडळाच्या बॅनरसाठी इमेज डाउनलोड करून 'इकडे बरी दिसते' म्हणून फ्लिप केली की दूतावासाचे पाहुणे बिअरच्या लोगोखाली भाषण करतात, एवढं सांभाळा. आणि ट्रिनिटी कॉलेजमधल्या जुन्या हार्पला राजा ब्रायन बोरूचं नाव असलं तरी तो 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत गेला, वाद्य त्यानंतर काही शतकांनी बनलेलं.

क्लॅडा अंगठी कशी घालायची

क्लॅडा हे गॉलवे शहराच्या तटाबाहेरचं पूर्वीचं कोळ्यांचं गाव. दोन हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा, इथे मात्र अर्थ पक्का आहे आणि लोक तो मानतात. घालायची रीत अशी की उजव्या हातात हृदयाचं टोक नखांकडे असेल तर मन मोकळं आहे, टोक मनगटाकडे वळवलं तर कोणीतरी आहे. डाव्या हातात टोक नखांकडे म्हणजे साखरपुडा झालाय, मनगटाकडे म्हणजे लग्न झालंय. आपल्याकडे अंगठी ज्या बोटात बसेल त्या बोटात जाते, त्यामुळे लग्न झालेली मावशी उजव्या हातात टोक बाहेर करून आयर्लंडमध्ये फिरली तर जाणकार माणूस वेगळाच निष्कर्ष काढेल! हा काही कायदा नाही, पण भेट देताना कागदावर दोन ओळी लिहून द्या. मैत्रिणीला, बहिणीला दिली तरी चालते, ती फक्त प्रेमिकांची नाही, आईकडून मुलीकडे जाण्याची पद्धत आहेच.

क्रॉसच्या बाबतीत जपून

काउंटी लाउथमधल्या मोनास्टरबॉइस मठातला मुइरेडाखचा दगडी क्रॉस बघा, साडेपाच मीटरच्या आसपास उंच, बायबलच्या प्रसंगांनी भरलेला, लांब दांडा आणि छेदावर कडं. त्याबद्दल कोणाला काही वाटणार नाही. पण चारही हात सारखे आखूड, जाड, आणि भोवती गोल, हा प्रकार युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी गटांनी उचललाय. जाहीर वापर करायचा असेल, विशेषतः परदेशात, तर लांब दांड्याचा आणि नक्षीचाच घ्या. उत्तर आयर्लंडला जाणार असाल तर अल्स्टर या उत्तरेकडच्या जुन्या प्रांताचा लाल हात टीशर्टवर घालून जाऊ नका, जुनं घराण्याचं चिन्ह असलं तरी तिथल्या राजकारणात त्याला फार काही चिकटलेलं आहे.

सेंट ब्रिजिडचा क्रॉस मात्र बिनधास्त करा. चार हात बघून आपल्याला स्वस्तिक आठवतं, पण नातं जोडायला पुरावा नाही. 1 फेब्रुवारीच्या आदल्या रात्री विणून दारावर, गोठ्यात लावतात, आग आणि रोगराई लांब राहावी म्हणून. तिकडे पाणथळ जागेतलं लव्हाळ्यासारखं गवत वापरतात, ते ताजं हिरवंच हवं, वाळलेलं मोडतं. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, सगळं पाव फेरा फिरवायचं, पुढची दुमडलेली काडी आधीच्या काडीवर, पुन्हा पाव फेरा. मध्यभाग सैल पडतो तो बहुतेक वेळा अंगठा उचलल्यामुळे, प्रत्येक काडीनंतर ओढून घट्ट करा आणि अंगठा मधल्या चौकोनावर दाबून ठेवा. शेवटी चारही टोकं दोऱ्याने बांधा आणि वाढलेल्या काड्या सारख्या कापा.