हास्केलसाठी व्हीएस कोड नीट लावायचा असेल तर

आमच्या परळच्या ऑफिसात नवीन पोरं येतात, व्हीएस कोड या एडिटरमध्ये हास्केल या प्रोग्रामिंग भाषेचं एक्स्टेन्शन टाकतात आणि लाल रेघांकडे बघत बसतात. खरं काम एक्स्टेन्शन करत नाही, मागे चालणारा हास्केल लँग्वेज सर्व्हर करतो; कोड तपासून चुका आणि टाइप तोच एडिटरला कळवतो. त्याला सगळे एचएलएसच म्हणतात.

म्हणून आधी जीएचसीअप घ्या, म्हणजे हास्केलची साधनं बसवणारा इन्स्टॉलर. टर्मिनलवर त्याचा टीयूआय (मेनूची स्क्रीन) उघडला की कंपायलरच्या, म्हणजे जीएचसीच्या, आवृत्त्यांची यादी दिसते. सगळ्यात नवी उचलू नका! जिच्यापुढे 'एचएलएस-पॉवर्ड' असं लिहिलंय तीच घ्या, कारण एचएलएस ठरावीक जीएचसी आवृत्त्यांनाच चालतो. बरीचशी रडगाणी इथेच मिटतात.

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनलवर एकदा कबाल बिल्ड चालवा (कबाल हे हास्केलचं बिल्ड टूल), म्हणजे लागणारी पॅकेजं उतरून बांधली जातात. हे घरच्या वायफायवर करा. कुर्ला-ठाणे लोकलमध्ये हॉटस्पॉटवर करायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. नंतर एडिटरमध्ये सुटी फाइल नको, कबाल फाइल असलेलं अख्खं फोल्डर उघडा.

आता फंक्शनवर माउस नेला की टाइप दिसेल. सिग्नेचर, म्हणजे फंक्शनचा टाइप सांगणारी ओळ, लिहिली नसेल तर वर फिकट अक्षरांत तयार येते, क्लिक केलं की बसते. माझी लाडकी सोय वेगळीच: अडलात तिथे नुसता अंडरस्कोर ठेवा. तिथे कोणता टाइप हवा आणि हाताशी असलेलं काय बसेल, हे एररच सांगते. कॉमेंटमध्ये -- >>> 3 + 4 लिहा आणि 'इव्हॅल्युएट' दाबा, उत्तर खालीच येतं.

मोठ्या प्रोजेक्टवर एचएलएस रॅम खातो. 8 जीबीचा लॅपटॉप असेल तर ब्राउझरचे टॅब आवरा, आणि तरीही अडकला तर कमांड पॅलेटमधून सर्व्हर रीस्टार्ट करा.