गोडी छाटणीच्या तोंडावर: छोट्या ट्रॅक्टरसाठी फ्लेल मोवरची निवड, जोडणी आणि बिघाडांवरील उपाय

पावसाळा सरत आला की द्राक्षबागेच्या दोन ओळींमधील पट्ट्यात केना, दुधाणी, गाजर गवत आणि हराळी गुडघ्यापर्यंत वाढलेली असते, आणि त्याच सुमारास सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची (फळधारणेसाठीच्या छाटणीची) तयारी सुरू होते. छाटणीनंतर निघणाऱ्या काड्या पूर्वी बांधावर नेऊन जाळल्या जात. आता अनेक बागायतदार त्यांचा जागेवरच भुगा करून तो जमिनीवर आच्छादन म्हणून ठेवतात. गवत कापणे आणि काड्या बारीक करणे ही दोन्ही कामे फ्लेल मोवर करतो. आपल्याकडे दुकानात तो श्रेडर किंवा मल्चर या नावाने मागितला जातो. 18 ते 28 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी हे अवजार घेताना बहुतेक चौकशी रुंदी आणि किमतीचीच होते, आणि पुढील हंगामातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथेच असते असा माझा अनुभव आहे.

स्लॅशर आणि फ्लेल मोवर यांत प्रथम फरक करावा. स्लॅशरमध्ये एक-दोन लांब पाती जमिनीला समांतर फिरतात; ती गवत कापतात, पण काडी लांबच राहते आणि एखादा दगड लागला तर तो दूरवर उडतो. फ्लेल मोवरमध्ये आडव्या रोटरवर अनेक लहान पाती बोल्टवर सैल लोंबत असतात. रोटर फिरू लागला की ती बाहेरच्या दिशेने ताठ होतात, आणि कठीण वस्तू आडवी आली तर मागे झुकून निघून जातात. माल पत्र्याच्या आवरणात पुन्हा पुन्हा पात्यांखाली येत असल्याने त्याचे बारीक तुकडे होतात. केवळ गवत कापायचे असेल तर स्वस्त स्लॅशर पुरतो. काड्यांचा भुगा हवा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

शक्तीचा हिशेब इंजिनच्या एचपीवर करू नये, पीटीओवर (अवजाराला फिरती शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर) मिळणाऱ्या एचपीवर करावा. 24 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण 20 एचपी मिळतात. हिरव्या गवतासाठी दर फूट रुंदीला सुमारे 3 आणि वाळलेल्या काड्यांसाठी सुमारे 5 एचपी धरावेत. म्हणजे या ट्रॅक्टरला काड्यांच्या कामासाठी 4 फूट ही मर्यादा झाली, आणि 18 एचपीच्या ट्रॅक्टरने 3 फुटांवर समाधान मानावे. विक्रेता 5 फुटी यंत्र ‘सहज ओढेल’ असे सांगतो तेव्हा तो बहुधा गवताविषयी बोलत असतो. त्याच वेळी यंत्र ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरील कडांइतके तरी रुंद असावे, नाहीतर चाकाखाली दबलेले गवत कापले जात नाही. 9 फुटी ओळीत गवतासाठी दोन फेऱ्या लागतील. काड्या मात्र आधी मजुरांकडून पट्ट्याच्या मध्यभागी ओढून घेतल्या तर एका फेरीत काम होते. यंत्राचे वजनही विचारावे. ते उचलल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडत असतील तर पुढे वजने लावल्याशिवाय उतारावर जाऊ नये.

पात्यांचे मुख्य दोन प्रकार मिळतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची हलकी पाती गवत आणि पेन्सिलीएवढ्या काड्यांसाठी चांगली असतात. अंगठ्याएवढ्या किंवा त्याहून जाड लाकडासाठी जड हॅमर (हातोडीसारखी पाती) लागतात, पण ते फिरवायला शक्ती अधिक लागते आणि गवत ते कापण्यापेक्षा ठेचतात. गोडी छाटणीतील काड्या एकाच हंगामाच्या असतात. त्यांच्यासाठी मजबूत वाय पाती पुरेशी आहेत. जुने ओलांडे (वेलीचे तारेवर पसरलेले जाड हात) कापून टाकायचे असतील किंवा संत्रा-डाळिंबाच्या फांद्यांचे काम असेल तरच हॅमर निवडावेत.

कापणीचा दर्जा पात्याच्या धारेपेक्षाही त्याच्या टोकाच्या वेगावर अवलंबून असतो. समजा पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, गिअरबॉक्स तो वेग तिप्पट करतो आणि बेल्टच्या पुल्या तो आणखी सव्वापट करतात, तर रोटर 2,025 फेरे घेतो. पात्यांसह रोटरचा व्यास 40 सेंटीमीटर असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 42 मीटर होतो. डिझेल वाचवण्यासाठी थ्रॉटल कमी करून पीटीओ 400 फेऱ्यांवर आणला, तर हाच वेग 31 मीटरवर येतो, काड्या कापल्या न जाता चिरडल्या जातात आणि रोटरभोवती गुंडाळल्या जातात. म्हणून मीटरवरील 540 ची खूण पाहूनच थ्रॉटल ठेवावा आणि पुढे जाण्याचा वेग गिअर बदलून कमी करावा. काड्यांमध्ये ताशी 2 किलोमीटर वेग योग्य आहे. 20 मीटर अंतराला 36 सेकंद लागले म्हणजे तो साधला. याच्या उलट चूकही घडते. काही छोट्या ट्रॅक्टरना पीटीओचे दोन वेग असतात आणि लीव्हर नकळत जलद वेगावर राहिला तर रोटर धोकादायक गतीने फिरतो. यंत्र जोडताना हा लीव्हर प्रत्येक वेळी हाताने तपासावा.

पीटीओ शाफ्ट यंत्रासोबत येतो तो छोट्या ट्रॅक्टरला अनेकदा लांब पडतो. यंत्र उचलून आणि खाली सोडून, अशा दोन्ही स्थितींत शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत राहतात आणि तळाला टेकत नाहीत, हे पाहावे. नळी टेकली तर सारा दाब ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर जातो. कापायची असल्यास दोन्ही नळ्या आणि त्यांवरील प्लॅस्टिक गार्ड सारख्याच मापाने कापावेत. शेताच्या टोकाला वळताना यंत्र फार उंच उचलू नये. शाफ्टचा कोन वाढला की क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) खडखडतो आणि लवकर तुटतो. रोटर जड असल्याने पीटीओ बंद केल्यावरही तो फिरत राहतो आणि काही ट्रॅक्टरना पुढे ढकलतो. त्यासाठी एकाच दिशेने जोर देणारा फ्री-व्हील क्लच असलेला शाफ्ट मागून घ्यावा.

अनुदान हवे असेल तर राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. आधी घेतलेल्या यंत्राचे बिल चालत नाही. यंत्राचा अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडून पाहून घ्यावा.

आता बिघाडांकडे वळू. सर्वांत आधी ओळखायची खूण म्हणजे थरथर. निरोगी यंत्राचा आवाज एकसुरी असतो. सीटखाली किंवा पायांना कंप जाणवला की त्याच क्षणी पीटीओ बंद करावा, ओळ पूर्ण होण्याची वाट पाहू नये. मी स्वतः पहिल्या वर्षी ती वाट पाहिली. ठिबकची एक लॅटरल (ओळीतून जाणारी पाण्याची प्लॅस्टिक नळी) तारेवरून निसटून गवतात पडली होती, ती रोटरने ओढून घेतली आणि थरथर सुरू झाली, तरी उरलेल्या दोन ओळी मी काढल्या. संध्याकाळी डाव्या बाजूची बेअरिंग उघडली तेव्हा सीलच्या मागे वितळलेल्या प्लॅस्टिकचे बोटभर जाडीचे काळे कडे रुतून बसले होते, सील जळाले होते आणि ग्रीस कोळशासारखे कोरडे झाले होते. ब्लेडने ते कडे कापून काढायला तासभर लागला, बेअरिंग तर बदलावीच लागली. तेव्हापासून कापणीच्या आदल्या दिवशी सर्व लॅटरल वर बांधल्या आहेत का, आणि सुतळी, तारेचे तुकडे किंवा बांबूचे खुंट पट्ट्यात पडले आहेत का, हे पाहण्यासाठी मी प्रत्येक ओळ चालून पाहतो.

लॅटरल गुंडाळलेली नसेल तर पाती मोजावीत. एक पाते तुटून पडले तरी रोटरचा तोल जातो. नवे पाते लावताना त्याच्या समोरच्या बाजूचेही बदलावे, कारण झिजलेले आणि नवे पाते यांच्या वजनात फरक असतो. मूळ प्रतीचेच बोल्ट वापरावेत, लॉकनट पुन्हा वापरू नयेत, आणि पाते हाताने हलवल्यावर मोकळे झुलले पाहिजे. पाती ठीक असूनही थरथर राहिली तर रोटर वाकला आहे किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. वाकलेला रोटर गावात ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. तो बॅलन्सिंग करणाऱ्या कारखान्यात न्यावा.

रबर जळाल्याचा वास आणि कव्हरखाली काळी भुकटी दिसली तर बेल्ट घसरत आहेत. बेल्टच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण 10 ते 12 मिलिमीटर खाली गेला पाहिजे. नवे बेल्ट पहिल्या काही तासांतच सैल होतात, तेव्हा त्यांचा ताण पुन्हा बसवावा. एक बेल्ट तुटला तरी पूर्ण संच बदलावा, कारण जुन्यांसोबत नवा एकटाच सर्व ओढ सोसतो. गिअरबॉक्सवर हात ठेववत नसेल तर थांबावे आणि 90 नंबर गिअर ऑइलची पातळी पाहावी. ते कमी असेल तर नुसते भरून पुढे जाऊ नये, गळणारे सील शोधावे. क्रॉसला दररोज काम सुरू करण्यापूर्वी ग्रीस द्यावे.

कापणीत न कापलेले पट्टे राहणे ही तक्रार ओल्या गवतात नेहमीची आहे. दव वाळल्यावर काम सुरू करावे, गवत फार उंच असेल तर पहिली फेरी वरून आणि दुसरी खालून घ्यावी. कापणीची उंची 5 ते 7 सेंटीमीटर राहील असा मागचा रोलर बसवावा. त्याखाली पाती माती आणि दगड खातात. गाजर गवत फुलण्यापूर्वी कापावे. लव्हाळ्यावर मात्र या यंत्राचा भरवसा नको, त्याच्या गाठी जमिनीत असतात.

पात्यांना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात घ्यावी, रोटर पूर्ण थांबू द्यावा आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे ठेवावेत. केवळ हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली जाऊ नये. 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9 फेरे. शाफ्टमध्ये अडकलेला टॉवेल किंवा साडीचा पदर सोडवायला वेळ मिळत नाही. काड्या ओढणाऱ्या महिला मजुरांना यंत्र चालू असताना त्याच ओळीत किंवा लगतच्या ओळीत थांबू देऊ नये, आणि मागची रबरी झडप फाटली असेल तर ती बदलेपर्यंत यंत्र बाहेर काढू नये.

भुगा कोणत्या काड्यांचा करायचा, हेही ठरवावे लागते. खोडकिड्याने पोखरलेले ओलांडे, पिठ्या ढेकणाने भरलेल्या साली आणि करप्याचे खोल व्रण असलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. डाळिंबात तेल्या रोग झालेल्या फांद्यांसाठीही हेच लागू आहे. निरोगी काड्यांचा भुगा मातीत गाडू नये. तो कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो आणि नव्या फुटीच्या काळातच वेलीला त्याची कमतरता भासते. पृष्ठभागावर राहिला तर हा परिणाम कमी होतो आणि ओल टिकते.