मृगाआधी कारखान्यातल्या किडींचा बंदोबस्त

मृग लागायच्या आत नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मसाला-फरसाणवाल्यांनी आणि पिंपळगावकडच्या बेदाणावाल्यांनी आधी टॉर्च घेऊन स्वतः फिरावं, फवारणीवाल्याला फोन त्यानंतर. कीड कुठे आहे हेच माहीत नसेल, तर औषध भिंतींना लागतं आणि भुंगेरे यंत्राच्या पोटात वाढत राहतात.

मोकळी फरशी बघण्यात वेळ घालवू नका, ती रोज पुसली जाते. यंत्राचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि स्क्रू कन्व्हेयरचं, म्हणजे फिरत्या मळसूत्राने पीठ पुढे ढकलणाऱ्या नळीचं, बंद टोक उघडा. तिथे घट्ट बसलेला बेसनाचा थर फोडून पांढऱ्या कागदावर पसरा आणि जरा थांबा. तांबडे भुंगेरे असतील तर चालायला लागतात. तळहाताएवढा थरही त्यांना पुरतो. तीस अंशांच्या आसपास महिना-सव्वा महिन्यात अंड्यापासून नवा भुंगेरा तयार होतो. थर ब्रशने आणि व्हॅक्युमनेच काढा. कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय मात्र आजच सोडा, तिने पीठ आणि त्यातली अंडी शेडभर पसरतात.

गोदामात धणे, हळद, मिरचीच्या पोत्यांची शिलाई झटकून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीला बारीक गोल भोकं दिसली तर सिगारेट बीटल या बारीक तपकिरी भुंगेऱ्याचा संशय घ्या. बेदाण्याच्या खोक्यात कोपऱ्याला जाळी धरली असेल तर ते पतंगाच्या अळीचं काम. असा माल लगेच वेगळा काढा. बाकीची थप्पी पॅलेटवर, भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा, म्हणजे मागे झाडू जाईल. जुना माल आधी वापरा.

किडीच्याच गंधाने तिला ओढणारे कामगंध सापळे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवे नाहीत. कारखान्यातही तेच तत्त्व, फक्त पतंगाची ल्युर (सापळ्यातली गंधाची गोळी) वेगळी, भुंगेऱ्याची वेगळी. दाराजवळ लावू नका, बाहेरचे पतंग आत ओढले जातात. प्रत्येक सापळ्याला नंबर द्या, तो नकाशावर टाका आणि ठरलेल्या वारी मोजून वहीत लिहा. माझ्या मते सगळ्या तयारीत ही वही सर्वांत मोलाची. एकाच सापळ्याचा आकडा दोनावरून नवावर गेला, तर आधी त्याच्या आजूबाजूची यंत्रं उघडा. अन्नसुरक्षा परवान्याच्या 2011 च्या नियमांत, अनुसूची 4 मध्ये कीड नियंत्रण आहेच. तपासणीला हीच वही कामी येते.

माश्या पकडायच्या दिव्याच्या ट्यूब निळ्या दिसत असल्या तरी वर्षभरात त्यांची अतिनील किरणं कमी होतात. पावसाआधी बदला, न फुटणाऱ्या आवरणाच्याच घ्या. दिवा उघड्या मालावर नको आणि बाहेरून दिसेल असाही नको. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे उजेडावर झेपावतात, म्हणून बाहेरचे दिवे दारावर न लावता लांब खांबावर लावा, पिवळे. दाराखालची फट रबराने बुजवा.

एवढं करूनही धुरी, म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारणं, लागलीच, तर फॉस्फिन वायू सोडणाऱ्या गोळ्यांना स्वतः हात लावू नका, माणसाचा जीव जातो. परवानाधारक माणूसच बोलवा, आणि त्याने मीटरवर गॅस मोजून दाखवल्याशिवाय एकाही कामगाराला आत सोडू नका.